दोघींना वेगवेगळं सांगितलंत

बाई,

तुम्हाला बाई म्हणायचं मला कधी जमलं नाही. बारावीच्या पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला वर्गाबाहेर थांबवून विचारलं होतंत, "मराठी ना गं तू? मग मला बाई म्हण. कित्येक वर्षांत कुणी म्हटलेलं नाही." मी मान डोलावली आणि म्हटलं, "जी मैडम." लखनऊच्या शाळेत, जिथं बाई म्हणजे मोलकरीण नाही तर कोठ्यावरची, कुणी शिक्षिकेला चारचौघांत बाई म्हणून हाक मारली तर पोरी एकमेकींना कोपरानं ढोसतील, हे तुम्हालाही ठाऊक होतंच. आणि मला मराठीची लाज होती. तुमची मराठी पुण्याकडची, पुस्तकातल्यासारखी. आमची विट्याकडची, आणि तीही इथल्या हिंदीत भिजलेली. म्हणून वर्षभर तुम्ही मराठीत विचारायचात आणि मी हिंदीत उत्तर द्यायची. आज पहिल्यांदाच मी तुमच्याशी मराठीत बोलतेय, आणि तुम्हाला जाऊन दहा वर्षं उलटून गेली आहेत.

लिहायला बसले त्याला कारण आहे. मी आता एका मुलींच्या इंटर कॉलेजात बारावीला इंग्रजी शिकवते. परवा एक मुलगी स्टाफरूमच्या दारात उभी राहिली आणि तिनं मला विचारलं, की तुम्ही मला एक सांगितलंत आणि तिला दुसरंच, असं का? हाच प्रश्न मला तुम्हाला विचारायचा होता. मी तो विचारला नाही, आणि मग विचारायला तुम्ही राहिला नाहीत.

आमचं घर तुम्ही एकदाच पाहिलंत. लखनऊच्या चौक भागातल्या सराफ्यात खाली आण्णांचं गलाईचं दुकान आणि वर आमची दीड खोली. सोनार जुने, मोडके दागिने आणून देतात, आण्णा ते मुशीत वितळवून, तेजाबानं साफ करून शुद्ध सोन्याची लगड परत करतात. आमच्या भागातली पुष्कळ घरं याच धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. गल्लीत आण्णांना कुणी नावानं ओळखत नव्हतं, 'मराठे की दुकान' एवढंच. तेजाबाचा वास जिना चढून वर यायचा आणि आईच्या भाकरीच्या पिठालाही लागायचा. आमच्यात मुलींचं ठरलेलं होतं. पुरुष परमुलखात राहतात, मुलगे दुकानात बसतात, मुली शाळा झाली की गावाकडं जातात आणि तिथंच त्यांची लग्नं होतात. माझ्या चुलत बहिणी दहावीनंतरच गेल्या. मी बारावीपर्यंत टिकले ते आण्णांमुळं. दसऱ्याला गावी सगळे भाऊ बसलेले असताना माझे थोरले चुलते, तात्या, म्हणाले, "आता पुरं झालं की. पोरगी काय कलेक्टर व्हायचीय?" त्यावर आण्णा म्हणाले, "बारावीला फर्स्टात आली तर पुढं शिकंल. न्हाई आली तर मे महिन्यात मी स्वतः आणून सोडतो." सगळ्यांसमोर दिलेला शब्द. परत येताना चारबाग स्टेशनावर उतरल्यावर सामान डोक्यावर घेता घेता ते म्हणाले, "फर्स्ट म्हंजे किती गं टक्के?"

साठ. मी सांगितलं, आणि त्या वेळी तो आकडा मला सोपा वाटला.

इतर विषयांत मी पाठांतरानं निभावून न्यायची. इंग्रजीतही तसंच करत आले होते. सगळी शाळा तेच करायची. पुस्तक उघडायचंच नाही, गाइड उघडायचं. कवितेची सेंट्रल आयडिया सहा ओळींची, लेखकाची ओळख दहा ओळींची, सगळं तयार. मला ते सुंदर पाठ व्हायचं. तुम्ही आलात आणि पहिल्याच दिवशी घरच्या कपाटात ठेवायला म्हणून सगळी गाइडं गोळा केलीत. "परीक्षेच्या आधी परत देईन," म्हणालात. मागच्या बाकावरून कुणीतरी कुजबुजलं, "मैडम हमारी भी आयडिया रख लीजिए, वैसे भी ख़ाली है." तुम्हाला ऐकू आलं आणि तुम्हीच सगळ्यांत आधी हसलात.

शनिवारी दुपारी आम्ही चार-पाच जणी जानकीपुरमला तुमच्याकडं यायचो. सर, म्हणजे तुमचे यजमान, संशोधन संस्थेत असायचे, घर शांत असायचं. स्वयंपाकघरातल्या लांबट टेबलाभोवती बसून आम्ही आळीपाळीनं मोठ्यानं वाचायचो आणि तुम्ही भाजी निवडत ऐकायचात. तुमचा एकच नियम होता: आधी काय दिसतंय ते सांगायचं, अर्थाचं नाव नंतर. मला ते महिनाभर जमलंच नाही. मी प्रत्येक वेळी म्हणायची, "मैडम, इसमें कवि कहना चाहता है कि..." आणि तुम्ही हातातला दोडका खाली ठेवायचात. "कवीला काय म्हणायचंय ते त्यानं म्हटलंय. तुला काय दिसलं?" मला काही दिसायचं नाही. मला पाठ असायचं.

घरी मी आण्णांना हे सांगितलं. ते भट्टी विझवून वर आले होते, हातपाय धुऊन जेवायला बसले होते. सेंट्रल आयडिया म्हणजे काय, हे मी त्यांना समजावलं. एवढी मोठी कविता असते, तिच्यातलं मुख्य तेवढं काढायचं, असं. ते म्हणाले, "म्हंजे तुम्ही बी गाळताच की." मग घास चावत थोडा विचार करून, "आणि मागं उरलेलं कुठं टाकता?" मी म्हटलं, ते टाकूनच देतात. ते खरंच अस्वस्थ झाले. "आमी तर भट्टीची राख बी टाकत न्हाई, पोरी. दुकानातला केर सुदीक पोत्यात भरून ठिवतो." हे मी पुढच्या शनिवारी तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. सोमवारी ते वर्गातही सांगितलंत, मोठ्या कौतुकानं. त्यानंतर मागच्या बाकावरच्या दोघी मला 'ऐ भट्टी' म्हणायला लागल्या. हे तुम्हाला माहीत नव्हतं. मी सांगणारही नव्हते, कारण तुम्ही वर्गासमोर आण्णांचं बोलणं एखाद्या मोठ्या माणसाच्या बोलण्यासारखं सांगितलं होतंत, आणि त्यातला आनंद मला त्या दोघींमुळं घालवायचा नव्हता.

मग ती कविता आली. समुद्रकाठचं घर हिवाळ्यासाठी बंद करून निघणाऱ्या बाईची. ती पलंगांवर चादरी घालते, खिडक्या लावते, कुलूप हातात घेते आणि उंबरठ्यावर वाऱ्यानं आलेली वाळू तशीच ठेवून निघून जाते. समुद्र मी तोवर पाहिलेला नव्हता. पण वाचता वाचता मला आमचं गावाकडचं घर दिसलं. सुट्टी संपून आम्ही लखनऊला निघतो तेव्हा आई सगळं घर आवरते, पण पायरी झाडत नाही. चुलती झाडू घेऊन पुढं आली तर तिच्या हातातून तो काढून घेते. जिवंत माणूस घराबाहेर पडलं की त्याच्या मागं लगेच झाडत नाहीत. झाडतात ते मयत नेल्यावर. मी लिहिलं की या बाईनं वाळू विसरून ठेवलेली नाही, मुद्दाम ठेवली आहे. तिला परत यायचं आहे, पण हे ती कुणालाच सांगत नाही, कवितेलासुद्धा. माझं इंग्रजी मोडकं होतं. तुम्ही तो कागद दोनदा वाचलात. "शाबास" वगैरे काही म्हणाला नाहीत. गॅसवरची कढई उतरवलीत, हात पुसलेत, आणि माझ्याकडं बघून मराठीत विचारलंत, "तुझी आई शिकलीय का गं?" मी म्हटलं, "सातवीं तक." तुम्ही म्हणालात, "तिला भेटायला पाहिजे."

आणि तुम्ही खरंच आलात. जानेवारीत मला ताप आला, आठवडाभर शाळा बुडाली, आणि एका दुपारी तुम्ही त्या गल्लीतून विचारत विचारत दुकानापर्यंत पोचलात. जिन्यावर तेजाबाचा वास आल्यावर तुम्ही पदर नाकाशी नेलात आणि मला पाहताच खाली सोडलात. आईची नुसती तारांबळ. बसायला खुर्ची नव्हती, म्हणून तिनं ट्रंकेवर घडी केलेली चादर टाकली. चहा स्टीलच्या पेल्यात दिला. आणि मला वर्षभरात जे जमलं नव्हतं ते तिनं पहिल्या वाक्यात केलं: "बाई, फर्स्टात येतीय न्हवं ही?" मग तिनं सगळं सांगून टाकलं. तात्या, दसरा, आण्णांचा शब्द, मे महिना. मी रजईतून तिला खुणा करत होते. तुम्ही पेला दोन्ही हातांत धरून ऐकत होतात. शेवटी म्हणालात, "येईल हो. का नाही येणार?" पण तुमचा आवाज शनिवारचा नव्हता. पुढच्याच आठवड्यात सायकल-रिक्षातून तुमच्याकडून एक घडीची लाकडी खुर्ची आली. आण्णांनी ती स्वतः डोक्यावरून वर आणली, खिडकीशी मांडली आणि घरात जाहीर केलं की हिच्यावर कपडे टाकायचे नाहीत.

त्या खुर्चीवर बसून मी प्री-बोर्डची, म्हणजे बोर्डाआधीच्या सराव परीक्षेची, तयारी केली. गाइडं अजून तुमच्या कपाटातच होती आणि मला त्यांची आठवणही आली नाही. त्या वर्षी शाळेनं कॉप्या, म्हणजे आमच्या उत्तरपत्रिका, बाहेरून तपासून आणल्या, बोर्डासारखी कडक तपासणी व्हावी म्हणून. साहित्याचा प्रत्येक प्रश्न मी माझ्या मनानं लिहिला होता. वाळूच्या प्रश्नाला आठपैकी दोन गुण होते आणि समासात लाल शाईत एकच शब्द: इररेलेव्हंट. सगळ्या पेपरभर तसंच. इंग्रजीनं मला इतकं खाली ओढलं की एकूण बेरीज साठच्या खाली गेली. आण्णांनी निकाल हातात घेतला, वाचता येत नसल्यासारखा उलटा सुलटा केला आणि परत दिला. "अजून खरी परीक्षा हाय न्हवं?" एवढंच म्हणाले. त्याच संध्याकाळी तात्यांचा गावाहून फोन आला. मी जिन्यात उभी होते. आण्णा म्हणत होते, "व्हय. व्हय दादा. शब्द दिलाय म्हणल्यावर दिलाय."

शनिवारी मी इतर मुलींच्या आधी, एकटीच तुमच्याकडं आले. तुम्ही मटार सोलत होतात. मी कॉपी टेबलावर ठेवली. तुम्ही ती उघडलीत, तो लाल शब्द पाहिलात, मिटलीत. मला वाटलं होतं तुम्हाला राग येईल, त्या तपासणाऱ्यावर. तुम्ही उठलात, आतल्या खोलीतून माझं गाइड घेऊन आलात आणि मटारांच्या शेजारी ठेवलंत.

"बोर्डाच्या पेपरात हे लिही. शब्द न शब्द."

"लेकिन मैडम, आपने ही तो कहा था..."

"कहा था. आता हे सांगतेय. पाठ होईल ना तेवढ्यात?"

"हो जाएगा," मी म्हटलं. "रटना तो मुझे आता ही है."

मग मी विचारलं, "तो पूरे साल हमने किया क्या?" माझा आवाज चढला होता. तुमच्याशी कुणी असं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. तुम्ही एक शेंग उचललीत, सोललीत, दाणे भांड्यात टाकलेत आणि म्हणालात, "बस. मटार सोल." मी बसले आणि सोलले. इतर मुली आल्या, वाचन सुरू झालं. माझी पाळी आली तेव्हा मी घसा बसलाय असं सांगितलं.

इथपर्यंतही मी निभावलं असतं. बोर्डाचं असंच असेल, सगळ्यांना तेच सांगितलं असेल, असं मी घरी येताना स्वतःला समजावत होते. सोमवारी डब्याच्या सुट्टीत ती मुलगी, जिचे वडील सरांच्याच संस्थेत शास्त्रज्ञ होते आणि जी शनिवारी माझ्या शेजारी बसायची, पराठ्याचा तुकडा मोडत सहज म्हणाली, "यार, मेरा तो प्री-बोर्ड में बहुत कटा. मैंने मैडम से पूछा गाइड वाला लिख दूँ? बोलीं, बिल्कुल नहीं, जैसा लिखती हो वैसा ही लिखना. तुमसे भी यही कहा न?"

मी म्हटलं, "हाँ, यही."

त्या दिवसापासून मी शनिवारी आले नाही. तुम्ही एकदा व्हरांड्यात विचारलंत, "दिसली नाहीस?" मी म्हटलं, "घर में काम था." तुम्ही एक पाऊल जवळ आलात. मला वाटलं आता सांगाल. घंटा झाली. मी मनाशी धरून बसले होते की तिच्याकडं डोकं आहे असं तुम्हाला वाटतं आणि माझ्याकडं फक्त पाठांतर. ती शास्त्रज्ञाची मुलगी, तिला जे दिसतं ते खरं दिसतं. मी भट्टीवरची, मला दुसऱ्यानं दिलेलंच गाळता येतं. वाळूवरचा तो कागद तुम्ही दोनदा वाचलात, तोही दयेनं असेल. रोज पहाटे उठून मी गाइड पाठ करायची. आई चुलीपाशी बसून माझं इंग्रजी ऐकायची आणि मधूनच म्हणायची, "लई गोड वाटतंय गं." मला रडू यायचं आणि मी आणखी मोठ्यानं म्हणायची.

बोर्डात ती कविता आली. मी लिहिलं की वाळू हे काळाचं प्रतीक आहे. हात कुठंही अडला नाही.

निकाल लागायच्या आधीच, मेच्या कडक उन्हात, तुमची बातमी आली. त्या शास्त्रज्ञाच्या मुलीनंच फोन केला. हृदय, झोपेतच, असं काहीतरी ती सांगत होती. आण्णांनी भट्टी पेटवलेली होती ती विझवली, शर्ट बदलला आणि माझ्याबरोबर निघाले. आम्ही जानकीपुरमला पोचलो तेव्हा तुम्हाला नुकतंच नेलं होतं. दारात चपलांचा ढीग होता. आण्णा फाटकाशीच उभे राहिले, आत यायला ते संकोचले. मी पायऱ्यांपर्यंत गेले. तुमच्याकडं कामाला येणारी ती म्हातारी आतून झाडू घेऊन आली आणि दारापासून अंगणापर्यंत झाडायला लागली. मला तिच्या हातातून झाडू काढून घ्यावासा वाटला. मी बाजूला झाले.

मी फर्स्टात आले. आण्णांनी गल्लीत पेढे वाटले, गावी फोन केला आणि तात्यांना चढ्या आवाजात सांगितलं, "आली! फर्स्टात! आता बोलू नका." मी बी.ए. झाले, घरातली पहिली, मग एम.ए. इंग्रजी, मग ही नोकरी. भावकीतल्या धाकट्या मुली आता बारावीनंतर शिकतात आणि तात्याच त्यांना माझा दाखला देतात. या सगळ्याच्या तळाशी तुमचं ते मटारांशेजारी ठेवलेलं गाइड आहे, हे मला नेहमीच ठाऊक होतं. तरी मी तुमचं नाव कुणाकडं काढत नव्हते. मुलाखतीत कुणी विचारलं की इंग्रजीची गोडी कशी लागली, तर मी म्हणायची, "ऐसे ही."

नोकरी लागल्यावर कॉप्या तपासायला मला मूल्यांकन केंद्रावर पाठवलं. लांब टेबलं, कॉप्यांची बंडलं, डोक्यावर खडखडणारे पंखे. माणसं वाईट नसतात, बाई. पाठ दुखत असते, बंडल संपवायचं असतं, उत्तरतालिका समोर असते. डोळे उत्तर वाचत नाहीत, अधोरेखित शब्द शोधतात. सापडला की टिक. एका कॉपीत मला एक उत्तर सापडलं, मोडक्या इंग्रजीत, पण त्या मुलानं खरंच काहीतरी पाहिलं होतं. मी पूर्ण गुण दिले. आमच्या टेबलाचे प्रमुख चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "मैडम, ये नंबर किस बात के? तालिका में दिखाइए." मी वाद घातला. आजूबाजूचे हसत होते. "नई हैं, अभी दिल से जाँचती हैं," कुणीतरी म्हणालं. शेवटी निम्म्यावर तडजोड झाली. तेव्हा मला तुमचं ते स्वयंपाकघर आठवलं. वाटलं, आता समजलं. त्या शास्त्रज्ञाच्या मुलीचे दहा-वीस गुण गेले असते तरी तिचं काहीच जाणार नव्हतं. तिच्या घरी पुढं शिकणं हा प्रश्नच नव्हता. माझं सगळं जाणार होतं. तुम्ही माझ्या घरी ट्रंकेवर बसून ते ऐकून गेला होतात. ही समज यायला मला इतकी वर्षं आणि एक मूल्यांकन केंद्र लागलं, असं मी पुढं मैत्रिणींना सांगायचीही. चांगली गोष्ट होते त्याची.

या वर्षी माझ्या वर्गात दोघी आहेत. एकीचे आईवडील दोघंही डॉक्टर. दुसरी मलिहाबादहून रोज बसनं येते. तिचे वडील आणि भाऊ दुसऱ्यांच्या आंब्याच्या बागा राखतात. भावानं सांगितलंय, मेरिटवर सरकारी कॉलेजात आणि होस्टेलात नाव लागलं तर जा, नाही तर दशहरी आंबा उतरायच्या आत तुझं लग्न. दोघीही मनानं लिहितात. मलिहाबादवाली जास्त चांगलं लिहिते. मी डॉक्टरांच्या मुलीला म्हटलं, तुझं तू लिही. आणि मलिहाबादवालीला एकटीला बाजूला घेऊन म्हटलं, गाइडमधलं लिही. हे म्हणताना मला तुमच्या हातातली शेंग दिसत होती.

परवा ती स्टाफरूमच्या दारात आली. "मैडम, उससे आपने कुछ और कहा."

मी तिला आत घेतलं, बसवलं. ठरवलं की तुम्ही केलंत ते करायचं नाही, हिला कारण सांगायचं. म्हटलं, "उसके नंबर कट भी गए तो उसका कुछ नहीं जाएगा. तुम्हारा जाएगा. इसलिए कहा. यह नहीं कि तुम उससे कम हो."

ती म्हणाली, "हाँ, वो तो पता है."

"पता है तो पूछा क्यों?"

"बस, आप पर ग़ुस्सा आ रहा था." आणि ओढणी सावरत, थोडं हसून, "भाई पर तो कर नहीं सकती न. वो रोज़ बस-अड्डे तक साइकिल पर छोड़ने आता है."

ती गेली. पुढच्या तासाला मला वर्ग होता. मी हजेरी घेतली, पुस्तक उघडलं, आणि एका मुलीला वाचायला सांगून खिडकीशी जाऊन उभी राहिले.

हे कुठं पाठवायचं नाही, ते मला माहीत आहे. जानकीपुरमच्या त्या घरात आता दुसरं कुणी राहतं. तुम्ही गेल्यावर सर पुण्याला गेले ते तिकडंच राहिले. आण्णा अजून दुकानात बसतात, खोकतात, डॉक्टरचं ऐकत नाहीत. काल त्यांनी मला विचारलं, "काय लिवतीस एवढं?" मी म्हटलं, "शाळेचं."

बाई, मूल्यांकन केंद्राची गोष्ट खरी आहे, पण मला तिथं काही नवीन समजलं नाही. त्या सोमवारी डबा खातानाच मला कळलं होतं. तिच्या हातातला पराठा संपायच्या आत कळलं होतं, की तुम्ही माझं डोकं जोखलं नव्हतंत, माझं घर पाहून बोलला होतात. पण तसं मानलं असतं तर मग राग कुणाचा यायला हवा होता, तेही मला कळत होतं. आण्णांनीच तर ती खुर्ची डोक्यावरून वर आणली होती. त्यांच्यावर मला रागवायचं नव्हतं. तुमच्यावर रागावणं जमण्यासारखं होतं.